शिशाचा जुना पाणीपुरवठा पाइप बदलणे : आराखडा तपासून द्या

पाना१४

हद्दीवरच्या पाण्याच्या मीटरपासून स्वयंपाकघरातल्या मुख्य कॉकपर्यंत शिशाचा अर्धा इंची पाइप आहे. एकूण लांबी १८ मीटर : १४ मीटर अंगणातून, उरलेला ४ मीटर घराच्या फरशीखालून. कॉकच्या पुढे आत ८ मीटर तांब्याचा १५ मि.मी. पाइप.

सध्याचा आराखडा : अंगणातला १४ मीटर काढून तिथे २५ मि.मी. एमडीपीई (मध्यम घनतेचा पॉलिथिलीन, म्हणजे प्लास्टिकचा पाइप) टाकायचा, भिंतीबाहेर शिसे-प्लास्टिक जोड लावायचा, फरशी फोडायची नाही. प्रश्न तीन. २५ मि.मी. पुरेल का? चर किती खोल घ्यायची? राहिलेले ४ मीटर सवडीने केले तर चालेल का? बिनधास्त चुका काढा.

खडीवाळू

तिसऱ्याचं उत्तर आधी, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. चालणार नाही. १८ च्या १८ मीटर एका दमात काढा.

जुन्या शिशाच्या आतून वर्षानुवर्षं एक थर बसलेला असतो, शिशाच्या कार्बोनेट-फॉस्फेटचा. पाण्यात शिसं कमी उतरतं ते या थरामुळे. पाइप कापताना, हलवताना, जोड आवळताना हा थर तडकतो आणि त्याचे कण सुटतात. हे कण विरघळलेले नसतात, बारीक भुकटी असते. आज एका ग्लासात काहीच येणार नाही, उद्याच्या ग्लासात एकदम शेकडो मायक्रोग्रॅम येतील. अर्धवट बदलानंतर काही आठवडे ते काही महिने पाण्यातलं शिसं आधीपेक्षा वाढलेलं सापडतं, ते यामुळेच.

आता हिशोब. साडेबारा मि.मी. आतल्या व्यासाच्या पाइपात मीटरला साधारण ०.१२ लिटर पाणी मावतं. फरशीखालच्या ४ मीटरमध्ये म्हणजे अर्धा लिटर. रात्रभर शिशात मुरलेला हा अर्धा लिटर सकाळी आतल्या तांब्यातलं पाणी निघून गेलं की लगेच भांड्यात येतो.

आणखी एक. मीटरच्या अलीकडे तुमची मालकी, पलीकडे पुरवठादाराची. पलीकडचा तुकडाही शिशाचा असेल तर त्यांच्याशी तारीख ठरवूनच चर खणा. बऱ्याच ठिकाणी घरमालकाने आपली बाजू बदलली की पुरवठादार स्वतःची बाजू बदलून देतो, पण अर्ज आधी करावा लागतो. चर बुजवून झाल्यावर अर्ज केला तर सगळं पुन्हा उकरावं लागतं.

टोचणी

एवढं लिहिण्याआधी, तो पाइप शिशाचाच आहे हे नक्की केलंय का?

कॉकच्या अलीकडे पाइपाला नाण्याच्या कडेने हलकं खरवडा. मळकट करड्या रंगाखालून चकचकीत चंदेरी रेघ निघाली, धातू नखाइतका मऊ लागला आणि चुंबक चिकटलं नाही, तर शिसं. खाली तांबूस रंग आला तर तांबं. चुंबक घट्ट चिकटलं आणि टोकाला आटे दिसले तर जीआय, म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड. शिशाच्या जोडाची दुसरी खूण म्हणजे कॉकजवळ पाइपाला कांद्यासारखा गुळगुळीत फुगवटा असतो. तो हाताने पुसून घेतलेला जुना डाख (सोल्डर). खरवडून झालं की ती जागा ओल्या फडक्याने पुसा, फडकं फेकून द्या, हात धुवा.

घरात पुढे कुठे जुना जीआय असेल तर तोही यादीत घ्या. वरच्या बाजूला शिसं असताना जीआयच्या गंजात शिसं अडकून बसतं. शिसं काढल्यावरही तो गंज ते थोडं थोडं सोडत राहतो, आणि पाइप नवा असताना शिसं कुठून येतंय याचा पत्ता लागत नाही. तांब्याच्या जुन्या जोडांतही अर्धं शिसं, अर्धं कथील असलेला डाख असू शकतो.

अर्थिंग_आधी

धाग्यात अजून कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. धातूचा पाइप कापण्याआधी घराचं अर्थिंग कुठे आहे ते बघा. जुन्या घरांत विजेचं अर्थिंग सर्रास पाण्याच्या पाइपाला बांधलेलं असतं. जमिनीतून जाणारा लांबलचक धातू म्हणजे आयता इलेक्ट्रोड. त्याच्या जागी प्लास्टिक टाकलं की पाणी उत्तम येतं, दिवे लागतात, सगळं ठीक दिसतं, आणि घराला अर्थिंग उरलेलं नसतं. गीझरमध्ये गळती झाली की ते कळतं, आणि ते फार वाईट पद्धतीने कळतं.

क्रम असा. इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र अर्थ इलेक्ट्रोड बसवून, तपासून घ्या. मग पाइपावर क्लॅम्प मीटर लावून प्रवाह वाहतोय का बघा. शेजारच्या घराचा परतीचा प्रवाहही या पाइपातून येऊ शकतो, त्यामुळे आपला मेन स्विच बंद केला म्हणजे पाइप सुरक्षित झाला असं नाही. कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना जाड तांब्याची जंपर वायर क्लॅम्प करा, मगच करवत चालवा. आतले तांब्याचे पाइप नव्या अर्थिंगला तारेने जोडायचे (बाँड करायचे) राहू देऊ नका.

पाना१४

अर्थिंग आराखड्यात नव्हतंच, आता पहिल्या ओळीत घेतलं. पूर्ण १८ मीटर करायचं ठरलं. पण फरशीखालून ४ मीटर कसा न्यायचा?

खडीवाळू

जुन्या वाटेनेच जायला हवं असं कुणी सांगितलं? घराला बाहेरून वळसा घालून स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी या आणि तिथेच आत शिरा. चर चार-पाच मीटर वाढेल, फरशी वाचेल. आत शिरताना भिंतीतून चार इंची डक्ट टाका, त्याला मोठ्या वळणाचा बेंड द्या. २५ मि.मी. एमडीपीई त्याच्या व्यासाच्या २५ ते ३० पटीपेक्षा लहान त्रिज्येत वळवू नये, म्हणजे किमान ६५ ते ७५ सें.मी. काटकोनी बेंडमधून जोर लावून ढकलला की पाइपाला मुरड पडते, आणि मुरड पडलेला तुकडा सरळ केला तरी तिथे भिंत कमजोर झालेली असते. तो कापून टाकायचा. डक्टची दोन्ही तोंडं फोमने बंद करा, नाहीतर उंदीर आणि ओल दोन्ही आत येतात.

व्यासाचं : २५ मि.मी. एसडीआर ११ (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट) पाइपाचा आतला व्यास २०.४ मि.मी. दाबाचा तोटा तेवढाच धरला तर साडेबारा मि.मी. पाइपापेक्षा साडेतीन पट प्रवाह. एका घराला भरपूर झाला. मात्र पुरवठादाराची बाजू अजून अर्धा इंची असेल तर हा फरक नळाला दिसणार नाही. चर ३० मीटरच्या वर किंवा वर दोन मजले असतील तर ३२ मि.मी. घ्या, चरीचा खर्च तोच राहतो.

खोली : गोठणाऱ्या थंडीच्या मुलखात किमान ७५ सें.मी. जिथे जमीन गोठत नाही तिथे ६० पुरते, फक्त गाडी जाणार असेल तर तिथे ७५ च ठेवा. रुंदी ३० सें.मी. तळाला १० सें.मी. वाळू, वर पाइप, त्यावर पुन्हा १० ते १५ सें.मी. वाळू. १८ मीटरला साधारण दीड घनमीटर वाळू लागेल, वळसा घेतला तर दोन. चरीतून निघालेल्या मातीत विटांचे तुकडे असतात, ती थेट पाइपावर लोटू नका. टोकदार दगड लगेच काही करत नाही, पण एकाच ठिकाणी सतत टेकून राहिला की तिथे तडा जातो. पाइपाच्या वर ३० सें.मी. वर सावधानतेची पट्टी टाका.

पाइप चरीत ताणून सरळ टाकू नका, नागमोडी टाका. पॉलिथिलीन मीटरमागे दर अंशाला जवळपास ०.२ मि.मी. आकुंचन पावतं. दुपारच्या उन्हात तापलेला १८ मीटर पाइप जमिनीत २० अंशांनी थंड झाला की ७ सें.मी. आखडतो, आणि तो ताण सगळा टोकांच्या जोडांवर येतो. गार पाणी भरून थंड झाल्यावरच शेवटचा जोड करा.

ओलसर भिंत

चर खणायचीच कशाला? मोल वापरा. किंवा जुन्या पाइपातून केबल ओवून जुना ओढत नवा आत घ्या. पाइपाला आतून एपॉक्सीचं (कडक होणाऱ्या राळेचं) अस्तरही करतात.

चौथाई_आटा

तिन्ही पद्धती चालतात, पण प्रत्येकीची अट आहे.

मोल : कॉम्प्रेसरवर चालणारा, ठोके देत जमिनीत घुसणारा लोखंडी रॉड. दोन टोकांना खड्डे पुरतात, अंगण शाबूत राहतं. पण एकदा सोडला की त्याला वळवता येत नाही. मोठा दगड लागला की दिशा सोडतो. खोली त्याच्या व्यासाच्या दहापट तरी हवी, नाहीतर वरच्या फरश्या उचलल्या जातात. आणि त्याच्या वाटेतली केबल, गॅस, गटार त्याला दिसत नाही. आधी त्या जागी हाताने खणून त्या लाइनी उघड्या करा, मगच सोडा.

ओढून काढणं : शिसं ताणलं की रबरासारखं लांबत नाही, तुटतं. म्हणून नुसतं पुढून ओढायचं नसतं. केबल पूर्ण पाइपातून ओवून पलीकडच्या टोकाला प्लेट लावतात, म्हणजे पाइप मागून ढकलला जातो. मऊ मातीत सरळ १० ते १५ मीटर छान निघतो. मुरूम, दगड किंवा मध्ये वळण असेल तर अडकतो. फरशीखालच्या वळणावर हमखास.

एपॉक्सी किंवा पीईटी (प्लास्टिकचं) अस्तर : पाइप उकरणं खरंच शक्य नसेल तरच. मटेरियल पिण्याच्या पाण्यासाठी मान्यताप्राप्त पाहिजे, आतला व्यास आणखी घटतो, चेपलेल्या वळणांवर अस्तर नीट बसत नाही, आणि पुढे कुणी तो पाइप मध्येच कापून जोड केला की शिसं पुन्हा उघडं. अंगण मोकळं आहे तोवर मी चरच घेईन.

ओलसर भिंत

वाळूचं गणित बघता मोलच स्वस्त पडेल असं अजूनही वाटतं. बाकी मान्य.

चौथाई_आटा

आता जोडांबद्दल, कारण गळती होते ती तिथेच.

एमडीपीई करवतीने कापू नका, तिरकं होतं आणि किस आत पडतो. कात्रीने काटकोनात कापा. बाहेरची कड चाकूने किंवा चॅम्फर टूलने घासून उतार द्या. उतार दिला नाही तर पाइप आत जाताना जोडातली रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, कापतो, आणि असा जोड पहिल्या दिवशी कोरडा राहून महिन्याभराने ओला दिसतो. फिटिंगची खोली मोजून पाइपावर मार्करने खूण करा. पाइपाच्या तोंडात आधाराची नळी, म्हणजे लायनर, घाला. पितळी फिटिंगमध्ये ती घालावीच लागते, नाहीतर आवळताना पाइप आत दबतो आणि दाब आला की निसटतो. नट तीन-चार आटे सैल करून पाइप ढकला. ओ-रिंगपाशी एकदा अडकल्यासारखं वाटतं, बरेच जण तिथेच थांबतात. खूण नटाच्या कडेला येईपर्यंत ढकला. वंगण म्हणून पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस. तेल किंवा व्हॅसलिन नको, रबर फुगतं. टोकाच्या १० सें.मी. भागात लांबट ओरखडा असेल तर तेवढा तुकडा काढून टाका, ओरखडा म्हणजे ओ-रिंगखालून काढलेला पाट.

जमिनीत मध्येच जोड नको. २५ मीटरचं अखंड वेटोळं घ्या, मीटरपासून कॉकपर्यंत एक तुकडा. निळा एमडीपीई उन्हात ठेवू नका, जमिनीवर उघडा राहणारा भाग डक्टमध्ये किंवा तांब्यात घ्या.

आत आल्यावर क्रम : स्टॉप कॉक, त्याच्या लगेच वर पाणी काढायचा ड्रेन कॉक, मग पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पितळी फिटिंग घेताना कमी शिशाचं आणि पिण्याच्या पाण्यासाठी मान्य असलेलं घ्या. साध्या पितळेत काही टक्के शिसं असतं. इतकं खणून पुन्हा तेच आत आणायचं का?

आणि तो शिसे-प्लास्टिक जोड विसरा. शिशाचे पाइप वजनावर विकले जायचे, त्यामुळे आतला व्यास एकच असला तरी बाहेरचा वेगवेगळा. कॅलिपरने मोजल्याशिवाय फिटिंग बसत नाही, त्यात पाइप लंबगोल झालेला असतो. थेट तांबं जोडलं तर दोन धातूंमध्ये विद्युत-गंज सुरू होऊन शिसं आणखी झिजतं.

टोचणी

एक भर. अंगणात कधी गॅरेज, डिझेलची टाकी, जनरेटर असं काही असेल आणि खणताना मातीला तेलाचा वास आला तर साधा एमडीपीई टाकू नका. पेट्रोल-डिझेलचे घटक पॉलिथिलीनच्या भिंतीतून आरपार झिरपतात, पाइप फुटलेला नसतानाही पाण्याला वास येतो. अशा जागी मध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेला बॅरियर पाइप आणि त्याचीच फिटिंग.

कोरडा माठ

एवढ्या खटाटोपाची गरज आहे का? इतकी वर्षं लोक हेच पाणी पितात. थर बसलाय म्हणता, मग थर आहे तोवर सुरक्षितच की. नाहीतर पाणी उकळा, नाहीतर फिल्टर लावा.

खडीवाळू

उकळल्याने शिसं जात नाही. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं. गरम पाण्याच्या नळाचं पाणी स्वयंपाकाला घेणं त्याहून वाईट, गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं.

थराचा भरवसा पाण्याच्या रसायनावर असतो आणि ते तुमच्या हातात नाही. अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये २००० साली निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरायला लागले आणि पाइपांतला स्थिर थर विरघळू लागला. फ्लिंटमध्ये २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलला, गंजरोधक फॉस्फेट घातलं नाही, तिथेही तेच. घरातलं कुणीही काही बदललं नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, युरोपीय संघात २०३६ पासून मर्यादा ५ होणार आहे. रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी पातळी सापडलेली नाही. परिणाम लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर होतो आणि तो बाहेरून दिसत नाही, त्यामुळे ‘काही झालं नाही’ हे कुणीच सांगू शकत नाही. घरात गरोदर बाई किंवा बाटलीने दूध पिणारं बाळ असेल तर आजपासूनच पिण्याला फिल्टरचं पाणी.

फिल्टर चालतो, पण मधल्या काळासाठी. एनएसएफ ५३ या अमेरिकी मानकाखाली शिशासाठी प्रमाणित असलेला किंवा आरओ, पिण्याच्या नळावर, आणि कार्ट्रिज वेळेवर बदलून. नुसता कार्बन किंवा गाळाचा फिल्टर शिशासाठी गृहीत धरू नका.

चौथाई_आटा

पाना१४, चर बुजवण्याआधी दाबाची चाचणी. पाइपाचा मधला भाग वाळूने झाका, जोड उघडे ठेवा. पाणी भरताना उंच टोकाकडून हवा पूर्ण जाऊ द्या, हवा राहिली तर आकडा खोटा येतो. हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट न्या, पुरवठा ४ बारचा असेल तर ६. पहिल्या काही मिनिटांत काटा खाली येईल, घाबरू नका, पॉलिथिलीन ताणलं जातं. दोन-तीनदा पुन्हा दाब भरा, मग तासभर बघा. जोड कोरड्या टिश्यूने पुसा, बोटाला न जाणवणारा थेंबही टिश्यूवर दिसतो.

मग निर्जंतुकीकरण. १८ मीटर पाइपात सुमारे ६ लिटर पाणी मावतं, वळसा धरला तर साडेसात. १० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १० मि.ली., म्हणजे लिटरला ५० मि.ग्रॅ. क्लोरीन. त्याच हातपंपाने भरा, एक तास ठेवा, वास जाईपर्यंत धुऊन काढा. सुगंधी ब्लीच नको.

शेवटी घर धुऊन काढायचं. गीझर आणि फिल्टर बंद. सगळ्या नळांच्या तोंडच्या जाळ्या काढा, प्रवेशाजवळच्या नळापासून सुरुवात करून एकेक थंड नळ पूर्ण उघडत जा, सगळे उघडले की अर्धा तास वाहू द्या, आणि ज्या क्रमाने उघडले त्याच क्रमाने बंद करा. जाळीत करडी रेती सापडेल. ती शिशाची असू शकते, सिंकमध्ये न झटकता पुसून टाका. पुढचे काही आठवडे दर आठवड्याला जाळी साफ करा.

पाना१४

नमुना कधी आणि कसा घ्यायचा? घरगुती पट्टी चालेल?

टोचणी

पट्टी नको, १० मायक्रोग्रॅमच्या आसपास तिचा भरवसा नाही. प्रयोगशाळेत द्या.

कामाआधी एकदा घ्या. किमान ६ तास घरात कुठेही पाणी वापरू नका, फ्लशसुद्धा नाही. जाळी जागेवर ठेवा, नळ नेहमीसारखा पूर्ण उघडा आणि एक-एक लिटरच्या पाच बाटल्या ओळीने भरा, मध्ये नळ बंद न करता. तुमच्याकडे कॉकपासून आत ८ मीटर तांबं आहे, त्यात १.१६ लिटर पाणी असतं. म्हणजे पहिली बाटली नळाची आणि तांब्याची, तिथे शिसं कमीच दिसेल. शिशाच्या १८ मीटरमधलं सव्वादोन लिटर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या बाटलीत येतं. नुसती पहिली बाटली तपासून अहवाल छान आला म्हणून निर्धास्त होणारे बरेच असतात.

कामानंतर लगेच घेऊ नका, कण येत असतात. तोवर पिण्याला फिल्टरचं पाणी. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तशाच पाच बाटल्या. पहिल्याच बाटलीत आकडा असेल तर नळ किंवा डाख, सगळ्यांत थोडा थोडा असेल तर पुरवठादाराची बाजू बघा.

पाना१४

काढलेल्या पाइपाचं काय करायचं? फरशीखालचा तर निघणारच नाही.

खडीवाळू

काढलेला भाग हातकरवतीने किंवा पाइप कटरने, ओला ठेवून कापा. ग्राइंडर नको, ज्योत तर अजिबात नको, धूळ आणि धूर थेट फुप्फुसात जातात. हातमोजे घाला, काम संपल्याशिवाय काही खाऊ नका, ते कपडे वेगळे धुवा. मीटरला तीन किलो धरा, तुमचे १४ मीटर ४२ किलोच्या पुढे जातील, दोघांनी उचला. धातूच्या भंगारात ते सहज घेतात. घरी वितळवायचा विचारही नको.

फरशीखालचे ४ मीटर तिथेच राहू दे, पण दोन्ही तोंडं तुटलेली हवीत. टोक हातोडीने चपटं करून दुमडा आणि पुन्हा ठोका, म्हणजे पुढे कुणाला वाटलं तरी त्यावर जोड बसवता येणार नाही. नव्या वाटेचं मोजमाप घराच्या दोन कोपऱ्यांपासून घेऊन कागदावर काढा, खोलीसकट, आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मीटरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. चर उघडी असतानाच फोटो काढा, टेप ठेवून.